पाच माणसं आणायचीत, आणि माझा आकडा शून्य

पत्र मोठं होतं, इथं थोडक्यात देते. नाव, गाव, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

लिहिणारी ३४ वर्षांची, लातूर भागातली, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. सासर-माहेर दोन्ही ख्रिस्ती, आजोबांच्या पिढीपासून. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नवीन पाळकसाहेब (पाद्री) आलेत, तरुण आहेत, जोरात आहेत. वर्षारंभाच्या उपासनेत त्यांनी सांगितलं की ईस्टरपर्यंत प्रत्येक कुटुंबानं पाच माणसं प्रभूकडे आणायची. त्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकानं आकडा टाकायचा. ज्यांचा आकडा वाढतो त्यांच्यासाठी टाळ्या, हिचा दर रविवारी शून्य. शेजारी एक वहिनी राहतात, दीड वर्षापूर्वी त्यांच्या नवऱ्यानं शेतात औषध पिऊन जीव दिला, आता त्या दोन लेकरं घेऊन भावाकडे आल्यात, शिलाई मशीनवर घर चालतं. दोघींचं जमतं. जानेवारीत एका संध्याकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असताना वहिनी एकदम म्हणाल्या, "ओ ताई, तुमी रोज येवढं बघायल्या, मेलेलं, जगलेलं, अन् तुमाला रात्री झोप कशी लागती ओ? कुणाला हाक मारता तुमी?" आणि ही म्हणाली, "काही नाही हो, सवय झाली."

तेव्हापासून हिला चैन नाही. नवरा म्हणतो, गप राहा, दिवस बरे नाहीत, तुझी सरकारी नोकरी आहे, आपण भाड्याच्या घरात राहतो. पाळकसाहेब म्हणतात, जो मनुष्यांसमोर प्रभूला लाजतो त्याला प्रभूही लाजेल. पत्राच्या शेवटी हिनं विचारलंय, "मी पेत्रासारखं नाकारलं का? आणि आता मी काय करू?"

सलाम ताई,

तुझ्या आईच्या वयाची आहे मी म्हणून तू म्हणते, राग मानू नको. मी जालन्याची, पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, आणि जन्मापासून मंडळीतली, त्यामुळं तू जे लिहिलंय ते मला आतून माहितीये, वर्षारंभाची उपासना, टाळ्या, आणि उपासनेनंतर चहा पिताना "तुमचं किती झालं" म्हणून विचारणाऱ्या बायका पण.

आधी तुझ्या पेत्राचं बघू, कारण तुझा सगळा जीव तिथंच अडकलाय. येशूच्या या शिष्यानं काय केलं होतं? येशूला पकडून नेलं ती रात्र, अंगणात शेकोटी पेटवलेली, थंडी, हा शेकत बसलेला, आणि एक दासी, म्हणजे कामवाली पोरगी, विचारते, तू पण त्याच्यातलाच ना? हा म्हणतो, मी त्याला ओळखतच नाही. तीनदा. आणि येशूनं आधीच सांगितलं होतं तसा कोंबडा आरवला. तू काय म्हणालीस? सवय झाली. तुला कुणी त्याला ओळखतेस का असं विचारलंच नव्हतं, आणि ओळखत नाही असं तू म्हणाली पण नाहीस. त्यामुळं कोंबडा वगैरे काही आरवला नाही, ते डोक्यातून काढ. पण तुला गोड गोड बोलून सोडणार पण नाही, जे म्हणालीस ते खरं नव्हतं. सवय झालेली नाहीये तुला, पत्रातच तू लिहिलंयस की वॉर्डात बाळ दगावलं त्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडलीस आणि मग स्तोत्र म्हणत झोपलीस. वहिनींनी खरं विचारलं होतं आणि तू त्यांना वरवरचं उत्तर देऊन वाटेला लावलंस, एवढीच चूक आहे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

आणि एक गंमत बघ. हाच पेत्र, म्हातारा झाल्यावरच्या त्याच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात लिहितो की तुमच्या आशेबद्दल जो कुणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेनं द्या. मला तर ते वाचताना दरवेळी ती शेकोटी आणि ती पोरगी दिसते. ज्याचं उत्तर हुकलं होतं तोच सांगतोय. आणि त्यानं "विचारेल त्याला" म्हटलंय हे आपण सोयीनं विसरतो. अजून एक, पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठावर प्रभू पेत्राला भेटला तेव्हा त्यानं तीनदा हेच विचारलं की माझ्यावर प्रीती करतोस का. किती आणलेस असं एकदा पण नाही विचारलं.

आता पाच माणसांचं. इथं मला जरा राग येतो, सांभाळून घे.

आमच्या शाळेत एक मॅडम होत्या. नवीन आल्या तेव्हा माझ्याशी इतक्या प्रेमानं वागायच्या, डब्यातली भाजी आधी मला वाढायच्या, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, माझ्या पोराच्या दहावीची चौकशी. सहा महिने. मला वाटलं देवानं मैत्रीण दिली. मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी पर्समधून एक फॉर्म काढला, आरोग्याची कसली तरी पावडर, चेन मार्केटिंग, तुम्ही माझ्याखाली या, तुमच्याखाली अजून पाच आणा. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून डबा लांबच्या टेबलावर. ती शेपूची भाजी मला अजून आठवते, चवीला चांगली होती, पण आठवली की घशात अडकते. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या तरी यादीतला नंबर होतो हे कळल्यावर माणसाला कसं वाटतं. आणि मग लाज वाटली, कारण तरुण संघात असताना मी पण अशा याद्या केल्या होत्या.

तू वहिनींना त्या पाचातली एक करून बघ मनातल्या मनात. रविवारी ग्रुपवर शून्याचा एक झाला. टाळ्या. आता ती तुरीच्या शेंगांची संध्याकाळ आठव. नासली ना? म्हणूनच तुझ्यानं झालं नाही ते, आणि तू त्याला विश्वासात कमी पडले म्हणतेस, मी म्हणते तुझं मन जागेवर आहे.

पण पाळकसाहेबांच्या बाजूनं पण बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी "जा आणि शिष्य करा" आहे, ते कुणी खोडू शकत नाही. आणि आपल्या मंडळ्या बघ ना, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विश्वास रेशन कार्डासारखा ठेवलाय, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाला नि मातीला काढायचा. हे नवीन आलेले पोरगे त्यानं अस्वस्थ होतात, त्यांचं चुकत नाही. बहुतेक त्यांना पण वरून कुणीतरी रिपोर्ट मागत असेल. चूक आहे ती मोजण्यात. इफिसकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे की कुणाला सुवार्तिक, म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारा, कुणाला पाळक, कुणाला शिक्षक म्हणून नेमलं, म्हणजे भर चौकात उभं राहून बोलायचं दान सगळ्यांना नाहीये. मार्काच्या पाचव्या अध्यायात तो कबरस्तानात राहणारा माणूस बरा झाल्यावर मागं लागला की मला तुझ्यासोबत येऊ दे, तर येशूनं त्याला नेलं नाही, म्हणाला घरी जा, आपल्या लोकांना सांग तुझ्यासाठी काय केलं ते. घरी. आपल्या लोकांना. जे झालं तेवढंच. साध्या माणसाचा सिलॅबस एवढाच आहे बघ.

आणि साधी माणसंच होती गं. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूनं नेमलेले मोठे शिष्य, यरुशलेमातच राहिले आणि पांगले ते बाकीचे, नाव नसलेले, तेच गावोगाव सांगत गेले. आपल्याकडं पण तसंच. जालन्यात पाळक नारायण शेषाद्रींचं नाव सगळ्यांना माहितीये, एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात त्यांनी काम केलं, जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. पण घरोघरी आत चुलीपर्यंत गेल्या त्या बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, त्यांची नावं कुणाला माहितीयेत? नारायण वामन टिळक, आपण शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या ते, त्यांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं हातात बायबलचा नवा करार दिला. तो कोण होता हे टिळकांना पण धड कळलं नाही. त्याच्या रविवारच्या रिपोर्टमध्ये तेव्हा काय गेलं असेल? शून्यच.

टिळकांचीच दुसरी बाजू पण सांगते, कारण आपल्या सभांमध्ये ती सांगत नाहीत. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला आधी कळवलं नव्हतं. लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कित्येक वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, आपल्या पायांनी चालत येऊन, आपल्या वेळेला. एक माणूस आला असं आपण म्हणतो तेव्हा मागं एक पूर्ण घर हललेलं असतं. ग्रुपवर ते घर दिसत नाही.

मला किल्लारीच्या भूकंपाची एक गोष्ट सांगायचीये. तू तेव्हा चिमुरडी असशील. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. आमच्या तरुण संघानं ट्रक भरला, चादरी, बिस्किटं, औषधं, आणि चौथ्या दिवशी आम्ही तिकडच्या एका गावी पोहोचलो. पाऊस, चिखल, आणि तो वास, तो मी लिहीत नाही. आमच्यातला एक पोरगा फार उत्साही, त्यानं रात्रभर बसून प्रत्येक चादरीच्या घडीत एकेक सुवार्तापत्रिका, म्हणजे येशूबद्दलचा छापील कागद, घातली होती. पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी बसली होती, तिला चादर दिली. तिनं ती झटकली, विंचूकाट्यासाठी सगळेच झटकत होते. पत्रिका चिखलात पडली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण छापील कागद पायाखाली येऊ नये म्हणून तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि त्या पोराला परत दिला, म्हणाली, "बाबा, तुझा कागद ऱ्हायला बघ ह्यात."

तिला वाटलं चुकून राहिला.

तो पोरगा वाईट नव्हता हां, आम्ही परत आलो तरी तो मागं राहिला, पंधरा दिवस ढिगारे उपसले त्यानं. पण पत्रिका त्यानं नंतर कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. मी पण नाही दिली.

आता तू म्हणशील, मग काय, गप बसायचं? नुसतं चांगलं वागायचं? नाही. इथं मी तुझ्या नवऱ्याच्या पण विरुद्ध जाणार आहे. तो एक फॉरवर्ड फिरत असतो ना, सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा, आणि खाली संत फ्रान्सिसचं नाव? ते वाक्य त्यांच्या लिखाणात कुठं सापडत नाही, आणि तसंही आपण ते बहुतेक वेळा पळवाट म्हणून वापरतो. माणूस तोंडानं विचारतो तेव्हा त्याला तोंडानंच उत्तर लागतं. नवरा मेलेली बाई तुला विचारते कुणाला हाक मारता, आणि तू हसून शेंगा सोलत राहतेस, हे काही वागण्यातून सांगणं नाही, हे तिला एकटं ठेवणं आहे. आपल्याकडं एक भूल आहे ताई, आपल्याला वाटतं आपण देवाबद्दल बोललो की समोरच्यावर काहीतरी लादलं. मराठवाड्यात? अगं इथं बसमध्ये शेजारी बसलेली बाई पंढरपूरच्या वारीपासून दर्ग्याच्या संदलपर्यंत सगळं सांगते आणि आपली पण विचारपूस करते, कुणाला त्यात गैर वाटत नाही. आपणच तेवढे घाबरून आपल्या देवाचं नाव आलं की आवाज खाली करतो. याला कारणं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण सगळीच कारणं बाहेरची नाहीत.

नवऱ्याच्या भीतीचं मात्र हसू करू नको. तो घराचं बघतोय. त्याच्याशी बसून बोल, त्याच्या पाठीमागं काही करू नको, नाहीतर तुमच्या दोघांत नवीनच भानगड. त्याला एवढं सांग की घटनेच्या २५ व्या कलमात आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि हे पण माहीत असू दे की १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगितलं, प्रसार म्हणजे आपली शिकवण समोर मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. मला विचारशील तर हे आपल्या विश्वासाला धरूनच आहे, मन बदलणं आपल्या हातात कधीच नव्हतं. शिवाय राज्याराज्यांचे वेगळे कायदे असतात, बदलतात, तेव्हा मंडळीनं वर्षातून एकदा ओळखीच्या वकिलाला बोलवून आजची स्थिती समजून घ्यावी, हे तुझ्याच नाही, हे वाचणाऱ्या सगळ्या मंडळ्यांसाठी लिहितेय. आणि तो आकड्यांचा ग्रुप! काय डोकं आहे. त्याचा एक स्क्रीनशॉट बाहेर गेला तर उद्या पोलीस स्टेशनला बसून पाळकसाहेब कसं समजावणार की पाच म्हणजे पाच माणसांसाठी प्रार्थना केली? नोकरी तुझी जाईल ती वहिनींशी बोलल्यामुळं नाही जाणार, तसल्या ग्रुपमुळं जाईल.

नोकरीवरून आठवलं. वॉर्डात नाही म्हणजे नाही. तुला सगळे सिस्टर म्हणतात, सलाईन तुझ्या हातात, सुई तुझ्या हातात, पेशंट आडवा पडलेला. तिथं तू काहीही बोललीस तर त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काही किंमत नाही. एखाद्यानं स्वतःहून विचारलंच, सिस्टर तुम्ही प्रार्थना करता का, तर हो करते म्हण, तुमच्यासाठी पण करीन म्हण, आणि पुढच्या बेडकडं जा. घरी जाऊन खरंच कर म्हणजे झालं.

मास्तरांना पण हेच लागू, मी वर्गात कधी बोलले नाही. पाळायला अवघड गेलं का? गेलं कधीकधी. एका पोराची आई वारली तेव्हा तो वर्गातच मला विचारत होता आई कुठं गेली, आणि मी त्याला जवळ घेऊन बसले फक्त. त्यात काही कमी पडलं असं मला आजही वाटत नाही.

वहिनींकडं परत जा. या आठवड्यातच, कारण असलं उत्तर शिळं झालं की अवघड होत जातं. फार तयारी करून जाऊ नको. एवढंच म्हण की वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं झोप कशी लागते, मी म्हणाले सवय झाली, ते खरं नव्हतं. कधीकधी लागतच नाही. मी येशूला हाक मारते. कधी आतून शांत वाटतं, कधी काहीच वाटत नाही, तरी मारते. बस. त्यात "कधी काहीच वाटत नाही" हे गाळू नको, आपण साक्ष देताना नेमकं तेच गाळतो आणि मग ती साबणाच्या जाहिरातीसारखी वाटते. आणि नंतर गप. त्या काय म्हणतील ते ऐक. कदाचित त्या पांडुरंगाचं सांगतील, कदाचित देवाला शिव्या देतील, कदाचित म्हणतील ताई चहा टाकू का. तिन्ही चालेल. त्यांनी पुढं विचारलं तर पुढचं सांग, नाही विचारलं तर तुझं काम झालं, उधारी फिटली.

काय बोलू नको ते पण सांगते. त्यांचा नवरा आता कुठं असेल यावर एक शब्द नको, कुणी विचारलं तरी नको, ते तुझ्या माझ्या अखत्यारीत नाही. देवाची काही योजना असेल, हे नको. तुम्ही प्रार्थनेला आलात की सगळं ठीक होईल, हे तर अजिबात नको, कारण कर्ज ठीक होत नाही गं प्रार्थनेनं, झालं असतं तर आपल्याच मंडळीतल्या शेतकऱ्यांची कर्जं फिटली असती. लेकरांना वहिनींना न विचारता शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाला, नेऊ नको, नाताळचा खाऊ देते म्हणून पण नको. आणि कुणी आजारी असेल तर प्रार्थना जरूर कर, पण गोळी बंद करा असं कुणी सांगताना दिसलं, भले मग तो आपला मोठा वक्ता असेल, तर तू नर्स आहेस, तिथल्या तिथं उभी राहून नाही म्हण. त्यात लाजायचं नाही, हे पण प्रभूचंच काम आहे.

दुसरं, वहिनींचे कागद. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारची १ लाखाची मदत असते, पण प्रकरण समितीपुढं पात्र ठरावं लागतं, किती बायका अपात्रचा शिक्का घेऊन फिरतायत, कुणाच्या नावावर जमीन नाही, कुणाकडं कर्जाचा कागद नाही. त्यांचं झालंय का विचार. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरलाय का विचार, तहसीलला तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर सोबत जा. आणि झोप लागत नाही असं त्या स्वतःबद्दलच बोलत असतील, जगून काय करू असं काही निघालं, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून दे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तुझ्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीला सोबत घेऊन जा. हे सगळं तू करायचं ते त्या ख्रिस्ती व्हाव्यात म्हणून नाही. त्या कधीच होणार नाहीत असं देवानं तुला आजच लिहून दिलं तरी करशील ना? करशील, हे पत्रावरून कळतं मला. मग कर. फक्त तहसीलला गेलीस त्याच दिवशी हातात नवा करार देऊ नको, दोन्हीचा एकमेकांना वास लागतो. आमची चादर आठव.

आणि समजा, महिन्यांनी, वर्षांनी, त्या स्वतःच म्हणाल्या की मला तुमच्यासोबत तुमच्या देवळात, चर्चमध्ये, यायचंय, तर ये म्हण, बसव शेजारी, पण घाई करू नको. त्याही पुढं जायचं म्हणाल्या तर सगळं खरं सांगायचं, भाऊ काय म्हणेल, लेकरांच्या शाळेच्या दाखल्याचं काय, सासरच्या जमिनीचा वाद असेल तर त्याचं काय. त्या अनुसूचित जातीतल्या असतील तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं आरक्षणाची ती सवलत हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही, हे लेकरांच्या शिक्षणाच्या मुळावर येतं. मला हा आदेश अन्यायाचा वाटतो, जात काय बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जाते होय, आपल्याच मंडळ्यांत बघ की. पण आहे तो आहे, आणि तो लपवून कुणाला आत घेणं म्हणजे फसवणूक. प्रभूनं स्वतः सांगितलंय की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब कर.

पाळकसाहेबांना भेट, एकटी नको, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीतले एखादे वडीलधारे सोबत घे, आणि ग्रुपवर भांडू नको. त्यांना म्हण, साहेब, आकडा बंद करा, त्याऐवजी महिन्यातून एकदा आपण बसू आणि कुणाला कुणी काय विचारलं, आपण काय बोललो, कुठं तोंड शिवलं, ते एकमेकांना सांगू. तुझी तुरीच्या शेंगांची गोष्ट पहिली सांग. माझ्या अनुभवानं सांगते, एकानं आपली फजिती सांगितली की पंधरा जण सांगतात, आणि नवीन माणसाला बोलायला शिकवायचं तर याच्याइतका दुसरा वर्ग नाही. ते ऐकतील का माहीत नाही. नाही ऐकलं तर तू ग्रुप म्यूट कर, आणि कुणी विचारलं तर सांग की माझा हिशोब मी देवाकडं देते. उद्धटपणे नको, पण सांग.

येत्या रविवारी तिथं शून्य पण टाकू नको.

तुरीचा सीझन तर आता संपला असेल, पण बाजारात हरभऱ्याचे ढाळे आले असतील. एक जुडी घे आणि वहिनींच्या ओट्यावर जाऊन बस, हात कामात असले की असलं बोलणं सोपं जातं. काय झालं ते मला कळव, त्या फक्त चहा टाकू का म्हणाल्या तरी कळव.